दोन घोड्यांचं मशीन

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, एका हार्डवेअरच्या दुकानात मी एवढंच विचारलं होतं, की घरच्या घरी लाकूड कापायला परवडेलसं एखादं मशीन आहे का. शेठनी तोंड उघडण्याआधी स्टुलावरून प्रश्न आला, "कशाला पाहिजे?"

स्टुलावर एक काका होते. बिजागरी घ्यायला आलेले. बिजागरी मिळाली होती, पैसे देऊन झाले होते, चहाही संपला होता. उठण्याचं कारण होतं, बसण्याचं नव्हतं.

"पुस्तकांचं कपाट करायचंय."

"सुतार नाही मिळाला?"

"मिळतो हो. मला स्वतः करायचंय."

काकांनी शेठकडे पाहिलं. त्या एका नजरेत माझं घर, संसार आणि डोकं, तिन्हींची चौकशी उरकली. "आयटीत का?"

"बँकेत."

"तेच ते. हात दाखवा बघू."

आणि मी दाखवला! पुण्यात बसलेल्या माणसाने उभ्या माणसाकडे अधिकाराने काही मागितलं, की उभा माणूस देतो. काकांनी तळवा उलटासुलटा केला, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबला आणि निकाल दिला, "शेठ, यांना ती ड्रिलची पेटी दाखवा. नातवाला घेतलीय मी. फार खूश आहे."

"नातू कितवीत?"

"पाचवीत."

पेटी आली. मी ती बाजूला सारली, तर काका म्हणाले, "बघून तर घ्या, त्यात टेपसुद्धा आहे!" मोजायची टेप. म्हणजे पाचवीतल्या मुलाला पुरून मला थोडी उरेल अशी सोय.

खरी अडचण अशी, की या बाजारात दोनच टोकं आहेत. एकीकडे ती पेटी. दुसरीकडे दहा इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत, जिचा भाव ऐकून मी नुसतं "बरं" म्हणालो. मधल्या माणसाला मिळतो मार्बल कटर. चार इंची, फरशी कापायचा. त्याला लाकडाचं ४० दातांचं ब्लेड लावायचं, १८ मिलिमीटर प्लायच्या फळीखाली उलटा आवळायचा, फटीतून ब्लेड वर काढायचं, झालं टेबल सॉ. आपल्या कितीतरी घरांतले वॉर्डरोब असेच कापले गेलेत. स्वस्त आहे, हे खरंच. खोक्यावर तर २ एचपी छापलं होतं. एक घोडा म्हणजे ७४६ वॅट, एवढं शाळेतलं मला आठवतं. मशीन उलटं करून पाटी वाचली, तर ८५० वॅट. सव्वा घोडाही नाही. शेठ म्हणाले, "ते कंपनीचं असतं." कंपनीचंच तर म्हणत होतो मी!

"आणि गार्ड? ब्लेडवरचं झाकण?"

"काढून देतो ना. फुकट. आड येतं ते."

मी म्हटलं, अहो, हे मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. ब्लेडच्या मागे एक पातळ पातं लागतं, नाहीतर कापलेली फट मिटते, लाकूड ब्लेडला आवळतं आणि उलटं पोटात येतं. त्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात, ते आहे का? पोऱ्या आत गेला आणि पटाशी घेऊन आला.

तेवढ्यात एक कारागीर ब्लेड बदलून घ्यायला आला. त्याची डावी तर्जनी दुसऱ्या पेरावर संपत होती. काकांना हर्ष झाला. त्यांनी त्याचा हात धरून माझ्यापुढे केला. "हा बघा! याला म्हणतात सुताराचा हात!"

कारागीर कसनुसा हसला. मला म्हणाला, "साहेब, गार्ड लावूनच चालवा."

"गार्ड नंतर सुटं मिळत नाही," शेठ म्हणाले.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. साध्या मिक्सरलाही झाकण असतं आणि ते न लावता चालवलं तर घरातली चार माणसं ओरडतात. बोट उडवणाऱ्या यंत्राचं झाकण काढून देणं ही इथे गिऱ्हाइकाची सेवा! आणि ज्याचं बोट जातं तो दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून पुन्हा त्याच फळीपाशी उभा, कारण रोजंदारी आहे.

शेवटी मी सात इंची सर्क्युलर सॉ घेतली, हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत. फेरे पाच हजारांच्या आसपास, उचलली की गार्ड आपोआप मिटतं. कटरच्या तिप्पट किंमत. काका हळहळले, "फसलात हो," आणि शेठनी त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला. माझ्या खरेदीवर!

घरी येऊन खोकं उघडलं. मशीन १,४०० वॅटचं, प्लगच्या पिना जाड. बाल्कनीतला सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॅट. इलेक्ट्रिशियनने स्वतंत्र वायर ओढायला सांगितलीय. रविवारी येतो म्हणालाय. कुठल्या, ते विचारलं तर फोन कट झाला.