प्रश्नपत्रिकेवर अभिप्राय देऊ इच्छिणाऱ्यांस

इंग्लंडमधल्या एखाद्या पब क्विझ लीगमध्ये आपण नव्याने दाखल झाला असाल, तर सामान्यज्ञान वाढवण्यात उगाच वेळ दवडू नये. त्या आठवड्याच्या प्रश्नांविषयी संघाने काय बोलावे, हे आधी शिकून घ्यावे. खेळाची रीत बहुतेक ठिकाणी सोपी असते. चार-चार जणांचे दोन संघ, आळीपाळीने येणारे प्रश्न, स्वतः उत्तर दिल्यास दोन गुण, साथीदारांना विचारून दिल्यास एक, आणि तेही न साधल्यास प्रश्न समोरच्या बाकावर जातो. अभिप्रायाचे शास्त्र मात्र सूक्ष्म आहे.

त्याचा पहिला नियम असा, की आधी गुणसंख्या पाहावी आणि मगच प्रश्नपत्रिकेविषयी मत बनवावे. आपण जिंकलो असल्यास ती समतोल, कल्पक आणि कष्टपूर्वक तयार केलेली असते. हरलो असल्यास तीच पत्रिका रटाळ, एकांगी आणि अभ्यासक्रमाबाहेरची ठरते. अभ्यासक्रम कोणता, असे विचारणारा मनुष्य खिलाडू वृत्तीचा नव्हे, हे ओळखून असावे.

पराभवाचे खापर फोडण्यास सर्वांत उपयुक्त जागा म्हणजे प्रश्नांची जोडी. एकाच विषयावरचे दोन प्रश्न दोन संघांत वाटलेले असतात आणि त्यांतला अवघड प्रश्न नेहमी आपल्याच वाट्याला येतो. समजा, आपल्याला कॅनडाची राजधानी विचारली आणि समोरच्यांना बुर्किना फासोची. आपल्या कप्तानांनी ग्लास खाली ठेवण्याचीही वाट न पाहता, साथीदाराने बाही ओढली तरी तिकडे दुर्लक्ष करून, ‘टोरंटो’ असे खणखणीत उत्तर दिले. समोरच्यांनी, या खेळात मुरलेल्या कोणालाही झोपेत सांगता येईल असे, ‘वागाडुगू’ म्हटले आणि दोन गुण खिशात घातले. अशा वेळी ओटावाचा विषय काढू नये. आम्हाला फसवा प्रश्न दिला आणि त्यांना पाठांतराचा, एवढेच लिहावे. वाटणी उलट झाली असती आणि आपण वागाडुगू म्हणालो असतो, तर ते पाठांतर नसून व्यासंग ठरला असता, हे सुज्ञांस सांगायला नको.

मॅकरेल माशाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एकही अक्षर ज्याच्या नावात नाही, असे लंडनच्या भुयारी रेल्वेचे स्थानक कोणते, हा प्रश्न अजूनही अधूनमधून येतो. सेंट जॉन्स वुड हे उत्तर आपण दिले तर प्रश्न अभिजात. समोरच्यांनी दिले तर शिळा.

हरकत घेण्यासाठी बदलणारी तथ्ये हेरून ठेवावीत. कझाकस्तानच्या राजधानीचे नाव २०१९ मध्ये अस्तानाचे नूर-सुलतान झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झाले, त्यामुळे दोन्ही उत्तरांच्या बाजूने तावातावाने भांडता येते. शनीच्या उपग्रहांची मान्य संख्या २०२५ मध्ये १२८ नव्या उपग्रहांची भर पडून २७४ झाली. जुना आकडा छापणाऱ्याची गय करू नये, आणि जुना आकडा आपणच सांगितला असल्यास खगोलशास्त्राच्या चंचलपणाबद्दल खेद व्यक्त करावा. फोन खिशातच ठेवण्याचा नियम काटेकोर पाळावा, आपले उत्तर नाकारले जाईपर्यंत.

संघात आपण एकटेच मराठी असाल, तर क्रिकेट आणि अख्खा भारत आपल्या नावावर लिहिला गेला आहे असे समजावे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत कप्तान कोण होते, असे विचारताच तिन्ही साथीदार आपल्याकडे वळून पाहतील. सी. के. नायडू आठवले, तर ते नागपुरात जन्मले होते हेही ऐकवावे. त्याला गुण नाहीत, पण वजन पडते. न आठवल्यास, क्रिकेटचे प्रश्न अती झाल्याची तक्रार सर्वांत आधी आपणच करावी.

अनेक लीगमध्ये पत्रिका काढण्याची पाळी प्रत्येक संघावर येते. त्या आठवड्यात वरील सर्व नियम रद्द समजावेत. सगळीकडे गुण घसरले, तर आपण दर्जा राखला. संघ कुरकुरले, तर त्यांचे वाचन कमी पडले. आणि कोणी नेमकी जोड्यांचीच तक्रार केली, तर नाणेफेक जिंकून पहिल्यांदा खेळायचे त्यांनीच ठरवले होते, एवढे नम्रपणे कळवावे.