कागद कशाला, जमीन आपलीच आहे की!

आजोबा जाऊन तीस वर्षं झाली आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे? राहू दे की, घाई कसली. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिचं कलम १४९ म्हणतं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा, पण आधी दहावा-तेरावा, मग पेरणी, मग कुणाचं तरी लग्न, यात तीन महिने कधी गेले कळतच नाही आणि एकदा गेले की तीस वर्षं जायला काय लागतं.

त्यातून कोणी शहाणा म्हणाला की वारस नोंद करा, तर त्याला सुनवायचं, "सातबारा म्हणजे काय मालकी नाही, कोर्टच म्हणतं." अर्धं खरंय, आणि भांडायला अर्धं पुरतं.

मग पुरावा काय? बांधावरचा आंबा. आणि गावातला एक म्हातारा, ज्याने तुमच्या आजोबांना तिथे नांगर धरताना पाहिलंय. तोच तुमचा ओरिजिनल दस्त, त्याच्या तब्येतीची चौकशी करत राहा, कारण त्याची झेरॉक्स निघत नाही.

वाटप तोंडीच करा. "वरचं थोरल्याला, विहिरीकडचं धाकट्याला", चहा पिऊन विषय संपला. तोंडी वाटप कायद्यात बसतं पण, फक्त पुढे ते झालं होतं हे सिद्ध करायला चहा पिणारे जिवंत पाहिजेत. थोरल्या काकांचं नाव एकट्याचं लागलंय आणि पुढे ए.कु.मॅ. लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, त्याकडे तर बघूच नका. ती अक्षरं एखाद्या फेरफारात गळाली की मॅनेजरचा मालक होतो, प्रमोशनच म्हणा ना.

आत्यांचं काय? दिवाळीला साडी दिली की हक्क संपला असं आपल्याकडे धरतात. मुलगी १९५६ पासून वारस आहे आणि २००५ नंतर तर वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून भावाइतकीच हिस्सेदार, पण हे साडी देताना बोलू नये. हक्कसोड घ्यायचंच असेल तर साध्या स्टॅम्पवर सही घ्या, रजिस्टर करू नका, म्हणजे आत्याची मुलं मोठी होऊन तो कागद बघून हसतील तरी.

आणि पारावरचा रामबाण उपाय, "बारा वर्षं मीच कसतोय, आता माझीच." सामायिक जमिनीत एकाचा ताबा सगळ्यांचा धरतात, त्यामुळे बारा काय चोवीस वर्षं कसली तरी तुम्ही भावांचीच सेवा केली असं निघतं. (आमच्याकडे एकाने ही सेवा केलीय, अजून तारखा चालू आहेत.)

एवढं सगळं नीट पाळलंत की एक दिवस रस्त्यासाठी भूसंपादन निघेल आणि मोबदल्याची नोटीस येईल, थेट आजोबांच्या नावाने, आधार आणि पासबुक घेऊन समक्ष हजर राहा म्हणून. त्यांना काय ते तुम्हीच कळवा.