पुन्हा तेच ५० लाख

डिसेंबर २०२४ संपत आलाय आणि कालपासून डोकं फिरलंय. आमच्या बेसबॉल टीमने, पिट्सबर्ग पायरेट्सनी, अँड्र्यू मॅककचनला परत घेतलं. एक वर्ष, ५० लाख डॉलर. २०२३ ला ५० लाख, २०२४ ला ५० लाख, आता २०२५ लाही ५० लाख. आकडा बदलायचेसुद्धा कष्ट नकोत ह्यांना!

आणि कचबद्दल (मॅककचनला आम्ही कचच म्हणतो) कुणी वाकडं बोलायचं नाही, आधीच सांगते. ३८ वर्षांचा झालाय, मान्य. आउटफिल्डर नावालाच, येतो तो डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणूनच, तेही मान्य. तरी मागच्या सीझनला २० होम रन मारलेत त्याने. माझ्या २२ नंबरच्या टीशर्टवर धुऊन धुऊन एका दोनची शेपटी गेलीय, पण तो मी टाकणार नाही. राग त्याच्यावर नाहीच. डिसेंबर आला की त्याला पुढे करायचं, आपले डोळे भरून आले की तिजोरीला कुलूप, ह्याचा संताप येतो. याच महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्स टीमने सोटो ह्या बॅटरला १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. तेवढे द्या असं कोण म्हणतंय? पण एक धड बॅटर? आमच्या पिचर स्कीन्सने मेपासूनचा सीझन १.९६ च्या ईआरएने (दर नऊ इनिंगला दोनपेक्षाही कमी रन्स देऊन) काढला, पोरगं रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झालं, आणि त्याच्यासाठी रन्स काढणार कोण? ३८ वर्षांचा माणूस?

एवढं प्रेम होतं तर २०१८ च्या जानेवारीत कुठे गेलं होतं? दोन दिवसांच्या अंतराने आमचा पिचर कोल ह्यूस्टनला देऊन टाकला, कच सॅन फ्रान्सिस्कोला. त्याच जुलैत आर्चर नावाच्या एका पिचरपायी ग्लासनाउ आणि मेडोज ही तरुण पोरं दिली, वरून बॅझ! आणि परवाच्या सप्टेंबरात आमच्या बॅटर टेलेझला काढलं, २ लाख डॉलरच्या बोनसला फक्त चार वेळा प्लेटवर (बॅटिंगला) यायचं बाकी असताना. म्हणे पैशांचा संबंध नाही. आम्ही काय दुधखुळे आहोत?

२०१३ ची वाइल्ड कार्डची, म्हणजे प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या मॅचची रात्र आठवते ना? सगळं पार्क काळ्या कपड्यांत, समोरच्या टीमचा पिचर क्वेटो, त्याला चिडवत सगळे क्वेऽऽटो, क्वेऽऽटो, त्याच्या हातून बॉल निसटून खाली पडला आणि पुढच्याच पिचला आमच्या मार्टिनचा होम रन. माझा घसा चार दिवस बसला होता. त्या टीमचा एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) कच होता. २०१५ नंतर त्या पार्कात प्लेऑफची एक मॅच झालेली नाही. ५० लाख देऊन त्याची बोळवण करू नका. तो बूट काढून ठेवायच्या आत त्याला अजून एक तशी रात्र द्या.