म्हणे कॅन्सर हे नुसतं कॉम्प्युटरचं गणित!

मानेवाड्याच्या आमच्या वहिनींनी पुतणीची एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची) रद्द केली. कारण काय, तर कॉलनीच्या ग्रुपवरचा मेसेज. त्यातलं म्हणणं असं: हा विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी होतोच, मग सगळ्यांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर का नाही? विषाणूमुळे कॅन्सर हे कॉम्प्युटरवरचं गणित, माणसांवर कोणी पाहिलेलं नाही. आणि लसीनं मुली मेल्या, वर वांझपण येतं.

अहो, संसर्ग झाला की कॅन्सर झाला, असं म्हणतंय कोण? दहातले नऊ संसर्ग शरीर दोनेक वर्षांत स्वतःच निकाली काढतं. जो ठाण मांडून बसतो, तो धोक्याचा. त्याची ई6, ई7 ही प्रथिनं पेशीचे पी53 आणि आरबी हे लगाम निकामी करतात, मग पेशी वाढत सुटतात नि चुका साचत जातात. ते कॉम्प्युटरवरचं गणित, म्हणजे मॉडेल, हेच मांडतं: संसर्ग, कॅन्सरपूर्व अवस्था, कॅन्सर. दर टप्प्यावर पुढे सरकायची एक शक्यता, मागे परतायचीही एक. लहान शक्यतांचा गुणाकार लहानच येणार, आणि वेळ लागणार पंधरा-वीस वर्षं. म्हणजे 'सगळ्यांना का नाही' हे तर मॉडेलचंच उत्तर झालं, भाऊ! दहावीच्या पोराला जमेल एवढं हे गणित.

'माणसांवर पाहिलेलं नाही' हे वाचून मात्र डोकं फिरलं. पाहिलंय, पाहायला नको होतं अशा रीतीनं. 1966 पासून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका रुग्णालयात कॅन्सरपूर्व अवस्थेतल्या कित्येक बायकांवर पुरेसे उपचार न करता नुसती नजर ठेवली गेली. त्यांना विचारलंही नव्हतं. 2008 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब छापून आला. ज्यांचा फक्त तपासणीपुरता तुकडा काढला होता, त्यांच्यातल्या सुमारे 31 टक्के जणींना 30 वर्षांत कॅन्सर झाला. नीट उपचार झालेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. मॉडेलमधली 'पुढे सरकायची शक्यता' या बायकांनी भोगून दिलेली आहे.

राहिल्या मुली. 2009-10 चा, खम्मम (तेव्हाचा आंध्र प्रदेश) आणि वडोदऱ्यातल्या मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प. सात मृत्यू झाले. चौकशीत साप चावणं, बुडणं, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणं निघाली. हो, संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या ठोकल्या होत्या, तेवढं कबूल. संसदीय समितीनं झोडपलं ते बरंच केलं. पण तो ठपका प्रकल्पवाल्यांवर.

वांझपणाची ओळ सोडूनच देतो, तिला बूड ना शेंडा.

वहिनी, स्वीडननं 16 लाखांहून जास्त मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या. सतराच्या आत लस घेतलेल्यांत हा कॅन्सर 88 टक्के कमी. तारीख परत घ्या, मी गाडी काढतो.