‘एवढीशी खोली हाय, दहा मिनटांत लाइट हुईल की!’

सिनेमाच्या शूटिंगला लाइट लावणारा माणूस मी. हे वाक्य पुन्हा ऐकलं तर दिव्यांचे स्टँड आवरून घरी जाणार आहे. काल सकाळपासून सहा वेळा ऐकलं. निर्माता, दिग्दर्शक, प्रॉडक्शनचा पोरगा, एवढंच काय, चहा घेऊन आलेला माणूससुद्धा तेच. खोली लहान म्हणजे काम कमी, हे यांच्या डोक्यात कुणी भरवलंय देव जाणे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर. स्वयंपाकखोली १० बाय ९, वर तुळया, उंची जेमतेम आठ फूट. भिंतींना चकचकीत पिस्ता ऑइलपेंट. एका बाजूला स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी, दुसऱ्या बाजूला काच लावलेले देवांचे फोटो. सीन साधा वाटतो: संध्याकाळी आई चुलीपाशी बसलीय, मुलगा दारातून येतो, तिच्याजवळ जाऊन बसतो. रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, मला नेलंच नव्हतं. “तुला कशाला त्रास, घर बघून ठेवलंय,” म्हणाले. मी आधी गेलो असतो तर त्या भिंतींना मातकट रंगाचा एक हात मारा म्हणून पाया पडलो असतो.

आता नीट ऐका, कारण सेटवर मला कुणी बोलू देत नाही. दिव्यापासून माणूस दुप्पट लांब गेला की त्याच्यावरचा उजेड चौथा हिस्सा होतो. मोठ्या हॉलमध्ये दिवा १५ फुटांवर ठेवता येतो, माणूस तीन फूट मागे सरकला तरी तिसरा हिस्सासुद्धा उजेड जात नाही. या खोलीत दिवा आईपासून तीन फुटांवर. दार दिव्यापासून सहा फुटांवर. म्हणजे मुलगा दारात अंधारात, आणि आईजवळ आला की कपाळ जळलेलं. दोन पावलांत दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा फरक! तो सावरायला दिवा लांब न्यायचा, तर लांब जागाच नाही. मागं सरकलो की माझी पाठ भिंतीला.

म्हणून दिवा खिडकीबाहेर बोळात लावायचा. लहान खोलीतला हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. दिवा लांब गेला, आतली जागा मोकळी, आणि उजेड खऱ्या संध्याकाळसारखा खिडकीतून आत येतो. पण बोळ चार फुटी. स्टँड उभा केला की स्कूटर जात नाही. वरनं जुलैचा पाऊस, म्हणून दिव्यावर प्लॅस्टिक बांधायचं, स्टँडला वाळूच्या पिशव्या लावायच्या, एक माणूस छत्री घेऊन तिथंच उभा करायचा. माझ्याकडं माणसं दोन. एकाला बोळात ठेवला, दुसऱ्याला आत. आणि निर्माता घड्याळ दाखवतोय.

बरं, उजेड आत आला, पुढं? पिस्ता भिंतीवर आपटून हिरवा होऊन परत येतो आणि थेट त्या माउलीच्या गालावर बसतो. काळं कापड दोन भिंतींना लावलं तेव्हा कुठं चेहऱ्याला सावली मिळाली. ते कापड लावायला अर्धा तास गेला. “काळं कशाला लावतोस? उजेड पाहिजे का नको?” अहो, उजेड टाकणं सोपं आहे! दहा फुटांच्या खोलीत तो अडवणं हेच खरं काम आहे. पांढऱ्या-चकचकीत भिंती सगळीकडून उजेड फेकतात आणि चेहरा पापडासारखा सपाट होतो. मांडणीतल्या प्रत्येक ताटात माझा दिवा दिसत होता. एकेक ताट फिरवलं, देवांच्या फोटोंमागं कागदाच्या घड्या घालून ते जरा खाली वाकवले. तेवढ्यात घरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी स्वतः मदत केली, म्हणून निभावलं.

तोवर कुणीतरी वरची ट्यूब लावली. “अंधार वाटतोय.” मी ओरडलोच. डोक्यावरच्या ट्यूबनं डोळ्यांचे खड्डे होतात. आणि उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा निळा. खिडकीतला उजेड साधारण ५६०० केल्विन, माझा चुलीजवळचा दिवा ३२००, ती ट्यूब ६५००. तीन रंग एका चेहऱ्यावर! वर स्वस्तातल्या ट्यूबचा सीआरआय (तिच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) एवढा कमी की कातडीतला लाल रंगच मरतो. “ते डीआयमध्ये करू.” म्हणजे शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त करतात तिथं. काय करणार डीआयमध्ये? जो रंग कॅमेऱ्यानं पकडलाच नाही तो आणणार कुठून?

मग दुसरा कॅमेरा म्हणून एकानं मोबाइल काढला, सेकंदाला ३० फ्रेमवर. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा, नाहीतर ट्यूबच्या उजेडात भिंतीवर पट्टे सरकतात. मी आधीच सांगितलं होतं. सरकले. दोष कुणाला? “लाइटवाल्याचा काहीतरी लोचा झालाय.”

याचंच दुःख सगळ्यात जास्त होतं. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला, १९२३ साली ‘सिंहगड’ या मूकपटासाठी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. फेट्यावर अभिमान मिरवायला ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण त्या माणसांनी उजेडावर जेवढा वेळ घातला, त्यातले दोन तास मला एका स्वयंपाकखोलीसाठी मिळत नाहीत. एलईडी हलके झाले, बॅटरीवर चालायला लागले, हॉलोजनसारखी खोली तापत नाही, घरातला एमसीबी पडत नाही, हे सगळं खरं. पण दिवा हलका झाला म्हणून भिंत लांब गेली नाही!

काल पहिला शॉट पावणेदोन तासांनी झाला. मॉनिटरवर आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर खिडकीची संध्याकाळ, अर्ध्यावर चुलीची ऊब, मागं मांडणीची नुसती कड चमकत होती. सगळे गप्प झाले. दिग्दर्शक म्हणाला, “भारी दिसतंय रे.” मला वाटलं, आता तरी कळलं असेल.

रात्री साडेअकराला फोन. “गुरुवारी बेडरूमचा सीन हाय. ८ बाय ८ची खोली. तुला अर्धा तास बास झाला की?”

नाही. बास नाही. बुधवारी रेकीला मला न्यायचं, भिंतींचा रंग मी बघणार, आणि गुरुवारी कलाकार यायच्या आधी दोन तास खोली माझ्या ताब्यात पाहिजे. जमत नसेल तर दुसरा माणूस बघा.