एक सेमिस्टर राहिलंय, आणि म्हणे बेंगळुरूला चला

गेल्या रविवारी माझ्या भाचीनं एक लांबलचक मेसेज पाठवला. वर ते दोन बाण, म्हणजे गावभर फिरून आलेला. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, "मावशी, हे खरंय ना?" त्या 'ना'नं माझं डोकं फिरलं. म्हणजे पोरीचं ठरलेलं आहे, मावशीचा फक्त शिक्का हवाय.

पोरगी कोल्हापुरात बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला. पाचवं सेमिस्टर झालं, सहावं बाकी. मैत्रीण बेंगळुरूला एका कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी घेते, तिथं हिंदी-मराठी बोलणाऱ्या मुली हव्यात, जानेवारीत हजर व्हायचं. नेमक्या त्याच आठवड्यात दाजींनी घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला. मी एकवीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात पात्रतेचं टेबल सांभाळलंय. टीसी, मायग्रेशन, इक्विव्हॅलन्स (एका अभ्यासक्रमाचा पेपर दुसऱ्याच्या तोडीचा ठरवणं), एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्षाला जाणं) यांच्या केसेस सोडवता सोडवता केस पांढरे झाले. आणि मला विचारतात कधी? सगळं ठरल्यावर.

मेसेज म्हणतो: नव्या शैक्षणिक धोरणात डिग्री मधेच सोडली तरी काही वाया जात नाही, दोन वर्षांचा डिप्लोमा आपोआप मिळतो आणि तो डिग्रीच्या तोडीचा असतो. क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या अभ्यासाचे मोजमाप-अंक, 'क्रेडिट बँक' नावाच्या ऑनलाइन खात्यात साठतात, त्यामुळे कुठल्याही राज्यातल्या कॉलेजला तुम्हाला थेट तिसऱ्या वर्षाला घ्यावंच लागतं. दुसऱ्या राज्यात एक वर्ष राहिलात की तुम्ही तिथले रहिवासी, तिथली फी आणि आरक्षण लागू. कंपन्या आता डिग्री विचारत नाहीत. आणि पगार दुप्पट. शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'.

सगळ्यात घातक आहे ते एक वर्षाचं. हे आलं कुठून, यावर मी बराच विचार केला. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत बारा महिने राहिलं की सरकारी विद्यापीठात त्या राज्याच्या मुलांची कमी फी लागते. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ बघितला, 'स्टेट' म्हणजे राज्यच की, म्हणून मराठीत उतरवला आणि दिला सोडून. अहो, आपल्याकडे महाराष्ट्राचा डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, काढायला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी जागांसाठी मुख्य अट आहे ती त्या राज्यात सात वर्षं शिकल्याची. पोटकलमं बरीच आहेत, पण 'एक वर्ष भाड्यानं राहिले' असं पोटकलम त्यात नाही. (सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वेगळी सोय आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांच्या भांडणातून आली, भाडेकरारातून नाही.)

आणि आरक्षण सोबत नेता येतं म्हणे! इथं मी फोन खाली ठेवला आणि उठून पाणी प्यायले. दाजींनी हिच्या नॉन-क्रिमीलेअरसाठी तहसीलला किती हेलपाटे घातलेत, मी बघितलंय. तो कागद बेंगळुरूच्या कुठल्या खिडकीवर चालणार? ओबीसीच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या. अनुसूचित जाती-जमातींचं तर सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगून टाकलंय, आणि ते प्रकरण आपल्या मुंबईचंच. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या समाजातला मुलगा, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आलेला. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यानं जमातीच्या राखीव जागेवर हक्क सांगितला. पाच न्यायमूर्तींचं पीठ होतं. नाही म्हणाले. यादी त्या राज्यापुरती असते, माणूस राज्य सोडून गेला की तो फायदा त्याच्याबरोबर जात नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या घटनापीठानं पुन्हा तेच धरलं. शाळेची बरीचशी वर्षं मुंबईत काढलेल्या मुलाला मिळालं नाही, आणि मेसेजवाला बारा महिन्यांत देतोय. हे वाचून एखाद्या घरानं खरंच पोराचं नाव इथून काढलं तर? त्याचं वर्ष कोण भरून देणार, फॉरवर्ड करणारा?

आता डिप्लोमा. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीच्या क्रेडिटचा आराखडा काढला. मी तो पूर्ण वाचलाय, मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक नुसता मथळा वाचला असावा. त्यात पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिटवर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर ८० क्रेडिटवर डिप्लोमा, हे आहे. पण आपोआप काही नाही. बाहेर पडणाऱ्यानं त्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत ४ क्रेडिटचा एक व्यावसायिक कोर्स वेगळा केलेला हवा. भाचीला विचारलं, केलास का? "कसला कोर्स?" झालं. म्हणजे डिप्लोमाही गेला. आणि बाहेर पडायचं दार वर्षाच्या शेवटी आहे. पाचव्या सेमिस्टरनंतर उठून गेलीस तर त्या सेमिस्टरचा वेगळा कागद मिळत नाही, क्रेडिट नुसते खात्यावर पडून राहतात.

डिग्रीच्या तोडीचा तर मुळीच नाही. तलाठी भरती, राज्यसेवा, बँकेची क्लार्कची परीक्षा, बीएड, एमबीएची सीईटी, सगळीकडे 'पदवीधर' लिहिलंय. तिथं डिप्लोमा दाखवून बघा.

क्रेडिट साठतात हे मात्र मला मान्य करावं लागेल, जरा नाइलाजानंच. आमच्या वेळी मधेच सोडून गेलेल्या पोराला परत घेताना जो कागदांचा घोळ व्हायचा, त्यापेक्षा हे बरं आहे. सुरतेला कापडाच्या दुकानात गेलेला एक मुलगा पाच वर्षांनी परत आला तेव्हा अभ्यासक्रम दोनदा बदललेला होता. कुठल्या जुन्या पेपरच्या बदल्यात कुठला नवा, हे ठरवण्यातच त्याचे चार महिने गेले. आज निदान खातं तरी आहे. पण मुदत आहेच: परत यायला तीन वर्षं, पदवी पुरी करायला एकूण जास्तीत जास्त सात.

'कुठल्याही कॉलेजला घ्यावंच लागतं' हे मात्र साफ खोटं. मधल्या वर्षाला प्रवेश जागा असेल तर आणि त्या संस्थेच्या नियमानं. त्यावर क्रेडिट बँकेच्या २०२१ च्या नियमावलीतली एक अट कुणी सांगतच नाही: जी संस्था पदवी देणार, किमान ५० टक्के क्रेडिट तिच्याकडेच कमावलेले हवेत. आता हिशेब करा. १२० क्रेडिटची पदवी धरली तर ६० तिथं. हिचे पाच सेमिस्टर इथं झालेत. म्हणजे कर्नाटकातली पदवी हवी तर उरलेल्या एका सेमिस्टरऐवजी तिथं तीन सेमिस्टर काढावी लागतील, तेही फोनच्या शिफ्टमधून सुट्टी मिळाली तर.

कंपन्या डिग्री विचारत नाहीत? काही नाही विचारत, खरंय. मैत्रिणीला नाही विचारली. बढतीच्या वेळी काय विचारतात ते मैत्रिणीला अजून माहीत नाही, सहाच महिने झालेत तिला.

पगार दुप्पट हे मी सोडून देते. बेंगळुरूत खोली घेताना दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागायची जुनी पद्धत आहे, तेवढं दाजींनी आधी विचारून ठेवावं.

आणि कुणी मला 'जाऊच नको म्हणणारी मावशी' करू नका. घरात आजारपण येतं, वडिलांचं दुकान बसतं, लग्न होऊन मुलगी हैदराबादला जाते. कधी कधी जावंच लागतं. त्यांच्यासाठी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आहे, तिची केंद्रं देशभर आहेत, बीएला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते, आणि मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीइतकीच धरायची हे आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. माझ्या टेबलावरून मीच कित्येकांना तिकडे पाठवलं. पण ती सगळी अशी होती की ज्यांना थांबता येत नव्हतं. हिला पाच महिने थांबता येतं.

मी तिला एकच काम सांगितलं. कंपनीला लेखी विचार, जानेवारीऐवजी जूनमध्ये घेणार का. 'आत्ताच या, नाहीतर जागा जाईल' असं उत्तर आलं तर अशा जागा तिथं दर महिन्याला निघतात का, हे मैत्रिणीलाच विचार. तिनं कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही. सहाव्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म मात्र भरलाय, पावतीचा फोटो काल रात्री आला. दाजींनी ग्रुपवरून तो मेसेज अजून काढलेला नाही.