झुरळ आणि कोळंबी भाऊबंद कसे? (कॉमेंटला जरा लांबलेलं उत्तर)

कॉमेंट वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की कोळी कीटक नाही म्हणून मी आधी लोकांना दटावतो आणि पुढच्याच पॅरात कीटकांना खेकडा-कोळंबीच्या खानदानात नेऊन बसवतो, मग पुस्तकात गोम कीटकांच्या शेजारी दाखवतात ती काय उगाच? शिवाय गोमेला शंभर पाय हे कुठून काढलं, असंही विचारलंय, आणि वर मी 'वाटेल ते कुठंही बसवतो' असा टोलाही.

पायांचं आधी. तिथे मी साफ चुकलो, पोस्ट दुरुस्त केलीय. मोठ्या झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या साधारण 15 ते 191 असतात आणि त्या विषमच असतात, शंभर पायांना लागतात 50 जोड्या म्हणजे सम, त्यामुळे नेमके शंभर पाय जमतच नाहीत. हजाराचा आकडा मात्र एका वाणीनं (म्हणजे मिलिपीड, गोमेसारखाच बहुपायी प्राणी) खरंच गाठलाय बरं का, ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडलेली, 2021 मध्ये नाव मिळालं, 1306 पाय!

आता मुख्य भांडण. गोम आणि कीटक एकत्र का ठेवायचे, तर दोघांना मिशांची एकच जोडी, श्वासाला हवेच्या नळ्या, खेकड्या-कोळंबीला मिशांच्या दोन जोड्या. दिसायला एकदम पटतं. पण श्वासनळ्या तर बऱ्याच कोळ्यांनाही असतात की, मग त्यांना का नाही घेत त्या पंगतीत? जमिनीवर राहायचं तर हवा आत घ्यायची सोय करावीच लागते, आणि ती वेगवेगळ्या घराण्यांनी आपापली केली. मिशांची दुसरी जोडीही तशीच वेगवेगळ्या घराण्यांतून आपापली गेली. कीटकाच्या डोक्यात तिच्या जागेचा खंड (शरीराचा भाग) अजून आहे, अंड्यातल्या गर्भात दिसतो, फक्त त्याला काही फुटत नाही.

2010 मध्ये 75 संधिपाद (सांधेदार पायांच्या) प्राण्यांची 62 जनुकं ताडून पाहिली तेव्हा कीटक थेट कवचधाऱ्यांच्या (खेकडा-कोळंबीच्या गटाच्या) आत जाऊन बसले आणि गोम-वाणी बाहेर राहिल्या. डोळ्यांची बारीक रचनाही तेच सांगते. आणि गंमत बघा, सध्याच्या अभ्यासात कीटकांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक ठरतोय रेमिपीड नावाचा कवचधारी, पाण्याखालच्या गुहांत राहणारा, आंधळा, विषारी आणि दिसायला हुबेहूब पोहणारी गोम!! म्हणजे रूपावर गेलात तर पुन्हा फसणार.

कोळ्याचं म्हणाल तर पाय आठ हे माझं कारणच नव्हतं. त्याला मिशा नाहीत, जबडेही कीटकांसारखे नाहीत. तोंडापुढे जे विषाचे दात दिसतात ते मुळात मिशांच्याच जागी उगवलेले अवयव. समुद्रातल्या हॉर्सशू क्रॅबचंही तेच, नावात क्रॅब असला तरी खेकड्यापेक्षा कोळ्या-विंचवाला जवळचा.

तेवढं 'वाटेल ते कुठंही बसवतो' मागे घ्या राव, बाकी पायांच्या चुकीबद्दल थँक्स.